वेब प्रोग्रामिंगचा सिलॅबस जुना वाटतो, मग कोर्स बाजूला ठेवून थेट रिअ‍ॅक्ट शिकावं का?

प्रश्न असा आहे: संगणकशास्त्राच्या पदवीला दुसऱ्या वर्षी वेब प्रोग्रामिंग हा विषय आहे आणि त्यात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) एवढंच आहे. सीनियर म्हणतात, हे जुनं झालं, रिअ‍ॅक्ट आणि नोड शिक (पहिलं पडद्यावरची पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, दुसरं जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायचं साधन). प्रश्न विचारणाऱ्याने रिअ‍ॅक्टचे भरपूर व्हिडिओ पाहिले. बघताना सगळं समजतं, पण कोरी फाइल उघडून बसलं की पहिली ओळ सुचत नाही. सेमिस्टरच्या शेवटी तिघांच्या गटाने प्रोजेक्ट द्यायचा आहे. तेव्हा कोर्स पास होण्यापुरता करावा आणि उरलेला वेळ रिअ‍ॅक्टला द्यावा का?

माझं काम सर्व्हरच्या बाजूच्या प्रोग्रामिंगचं आहे. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेणं आणि नंतर त्यांना हाताखाली घेऊन शिकवणं हा त्या कामाचाच भाग. त्या अनुभवावरून सांगते: तुम्ही विचारलंय पीएचपी की रिअ‍ॅक्ट, पण तुमची खरी अडचण त्या कोऱ्या फाइलमध्ये आहे. भाषा बदलली तरी ती फाइल कोरीच राहील. ज्याला रिअ‍ॅक्टमध्ये सुरुवात सुचत नाही त्याला पीएचपीमध्येही सुचत नाही. आपण लिहितोय ती ओळ कुठल्या यंत्रावर, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून चालणार आहे, याचं चित्रच डोळ्यांसमोर नसतं, हे त्याचं कारण. माझ्या मते हे चित्र पक्कं करून देणं हेच या कोर्सचं मुख्य काम आहे, आणि त्यासाठी तुमचा हा 'जुना' सिलॅबस चांगला उपयोगी पडतो.

आता, सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. तुम्ही शेवटच्या सेमिस्टरला असतात, दोन महिन्यांवर मुलाखती असत्या आणि जाहिरातींमध्ये रिअ‍ॅक्ट मागितलेलं असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. शिकवणारे कसे आहेत, प्रोजेक्टला ठरावीक भाषेचं बंधन आहे का, आठवड्याला किती तास हातात आहेत, यावरही बरंच अवलंबून आहे. तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, म्हणजे वेळ आहे, असं धरून पुढचं लिहिते.

वेबच्या मुळाशी असलेली कल्पना अगदी लहान आहे. १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी माहितीची कागदपत्रं एकमेकांना जोडण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून जे उभं राहिलं त्याचा व्यवहार आजही तोच आहे: ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो, आणि दिल्यावर विसरून जातो. हे विसरणं फार महत्त्वाचं आहे. तुम्ही पाच सेकंदांपूर्वी लॉगिन केलंत हे पुढची रिक्वेस्ट येते तेव्हा एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या या देवाणघेवाणीच्या नियमांना, माहीत नसतं. कुकी (सर्व्हरने ब्राउझरकडे जपायला दिलेली छोटी चिठ्ठी), सेशन, टोकन हे सगळे त्या विसराळूपणावर शोधलेले उपाय आहेत. कुकी १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये आली, ती याच गरजेतून. हे एकदा डोक्यात बसलं की 'सेशन का सुरू करायचं', 'पान बदललं की व्हेरिएबल कुठे गेलं', 'टोकन दर वेळी का पाठवायचं' असे वेगवेगळे वाटणारे प्रश्न एकाच प्रश्नाची रूपं आहेत हे कळतं.

हे वाचून पटणार नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. प्रोजेक्टच्या आधी दोन-तीन तास एवढ्याच कामाला द्या. पीएचपीत एक साधं लॉगिन लिहा: एक फॉर्म, एक तपासणी, एक स्वागताचं पान. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क टॅबवर जा, नोंदी पान बदलल्यावर पुसल्या जाऊ नयेत म्हणून लॉग जपण्याचा पर्याय चालू करा आणि बटण दाबा. पहिली ओळ पोस्ट रिक्वेस्टची दिसेल. तिच्यावर क्लिक केलंत की तुम्ही टाकलेलं नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे दिसतील, आणि वाटेत ते लपवणारं एचटीटीपीएस कशासाठी लागतं ते न सांगता समजेल. उत्तरात ३०२ हा स्टेटस कोड, पुढे कुठे जायचं तो पत्ता आणि कुकी साठवायला सांगणारा हेडर असेल. लगेच खालच्या ओळीत ब्राउझरने स्वतःहून केलेली गेट रिक्वेस्ट, आणि तिच्यात तीच कुकी परत जाताना दिसेल. आता ती कुकी हाताने पुसून टाका आणि पान रिफ्रेश करा. तुम्ही बाहेर फेकले जाल. सर्व्हरवर काहीही बदललेलं नाही, पासवर्ड तोच आहे, तरी तो तुम्हाला ओळखत नाही.

मग एक उलटा प्रयोग करा. फॉर्म आल्यावर दुसरीकडे न पाठवता त्याच उत्तरात 'नोंद झाली' असं छापा आणि रिफ्रेश दाबा. ब्राउझर फॉर्म पुन्हा पाठवू का असं विचारेल, हो म्हटलंत की टेबलमध्ये तीच नोंद दुसऱ्यांदा पडेल. पोस्टनंतर रीडायरेक्ट का करायचं याचं उत्तर तिथेच मिळालं. हाच प्रश्न मी मुलाखतीत विचारते, आणि फ्रेमवर्कची नावं भराभर सांगणारी कितीतरी मुलं इथे अडखळतात.

सीनियरांच्या म्हणण्यात तथ्य किती, तेही बघू. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५ च्या. वयच बघायचं तर दोघी सारख्याच जुन्या. जावास्क्रिप्टवर उभ्या असलेल्या लायब्रऱ्या-फ्रेमवर्कांपैकी जेक्वेरी २००६ मध्ये आली, अँग्युलरजेएस २०१० मध्ये, रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये. अँग्युलरजेएसची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एके काळी 'हेच शिका' असं तिच्याबद्दलही सांगितलं जायचं. २०१६ मध्ये अँग्युलर जवळजवळ नव्याने लिहिलं गेलं, जुना कोड त्यात तसाच्या तसा चालत नव्हता, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्या आवृत्तीला मिळणारा अधिकृत आधारही संपला. दुसरीकडे एचटीटीपी बघा. २०१५ मध्ये दुसरी आवृत्ती आली, २०२२ मध्ये तिसरी. खालची वाहतूक पार बदलली, तिसऱ्या आवृत्तीत माहिती वाहून नेणाऱ्या टीसीपी या जुन्या नियमसंचाच्या जागी क्विक हा नवा आला. पण गेट म्हणजे काय, पोस्ट म्हणजे काय, ४०४ आणि ५०० चा अर्थ काय, हेडर कशासाठी, यातलं काहीही बदललं नाही. एका सेमिस्टरचा वेळ कुठे गुंतवायचा हे मी यावरून ठरवते.

पण सीनियरांची एक तक्रार मला मान्य आहे. विषय जुने नसले तरी शिकवण्याचं साहित्य पुष्कळदा जुनं असतं. तुमच्या लॅबच्या पुस्तिकेत 'मायएसक्यूएल कनेक्ट' आणि 'मायएसक्यूएल क्वेरी' ही जुनी फंक्शन्स असतील तर ती वापरू नका. २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली आहेत. त्यांच्या जागी पीडीओ (डेटाबेसशी बोलण्याची पीएचपीची आताची सोय) वापरा. पानाची मांडणी टेबल टॅगने करायला सांगितली असेल तर फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड शिका. जावास्क्रिप्टमध्ये 'व्हार'ऐवजी 'लेट' आणि 'कॉन्स्ट', जुन्या एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्टऐवजी 'फेच', कॉलबॅकच्या जंजाळाऐवजी प्रॉमिस आणि 'असिंक-अवेट'. यासाठी एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या संदर्भ-संकेतस्थळाची पानं वाचायची सवय लावा. विषयांची यादी कोर्सचीच ठेवा, त्याखालचा मजकूर मात्र आजचा वाचा. बहुतेक शिक्षक याला हरकत घेत नाहीत, उलट खूश होतात.

आता कोरी फाइल. व्हिडिओ बघताना समजतं, कारण पुढची ओळ कुठली हा निर्णय दर वेळी दुसरं कुणीतरी घेत असतं. तोच निर्णय घ्यायची सवय तुम्हाला नाही. म्हणून कोड एडिटर बंद ठेवा आणि कागदावर सुरुवात करा. समजा, विभागाच्या लॅबमधली उपकरणं विद्यार्थ्यांना काही दिवसांसाठी द्यायची आणि परत घ्यायची, याची नोंद ठेवणारं ॲप करायचं आहे. कागदावर फक्त पत्ते लिहा: उपकरणांची यादी, एका उपकरणाचं पान, मागणीचा फॉर्म, मागणी नोंदवणं, परत केल्याची नोंद, लॉगिन, लॉगआउट. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा. हा पत्ता कोण मागू शकतं? सोबत काय येतं? डेटाबेसमध्ये काय बदलतं? उत्तरात काय जातं? 'मागणी नोंदवणं' याच्यासमोर असं काहीसं येईल: फक्त लॉगिन केलेला विद्यार्थी; उपकरणाचा क्रमांक आणि परतीची तारीख; नोंदींच्या टेबलात एक ओळ वाढते आणि शिल्लक एकने कमी होते; 'माझ्या नोंदी' या पानाकडे रीडायरेक्ट. एवढं लिहून झालं की कोडमध्ये काय काय लागणार ते कागदावरच दिसायला लागतं.

त्यानंतर एकच पत्ता घ्या, सगळ्यात सोपा, आणि तो आरपार चालवा. उपकरणांची यादी आधी कोडमध्येच लिहिलेल्या तीन नावांची छापा. मग तीच नावं डेटाबेसमधून आणा. मग एका नावावर क्लिक करून त्याचं पान उघडू द्या. दिसायला कुरूप असलं तरी चालेल, सीएसएस नंतर. दर टप्प्याला काहीतरी चालतं आहे आणि ते का चालतं हे तुम्हाला सांगता येतं, एवढं पुरे. प्रत्येक टप्पा गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कमिट करत जा, म्हणजे मोडतोड करायची भीती राहत नाही.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. हे छोटंसं ॲप नीट केलंत तर बाकीचे विषय त्यात आपोआप येऊन भेटतात. एकच ऑसिलोस्कोप शिल्लक आहे आणि दोघांनी एकाच क्षणी मागणी केली. तुमचा कोड आधी शिल्लक वाचतो, ती शून्याहून जास्त आहे का बघतो आणि मग एकने कमी करतो. दोन्ही रिक्वेस्टनी 'एक' वाचलं, दोन्ही पुढे गेल्या, दोघांनाही ऑसिलोस्कोप मिळाल्याची पावती गेली. ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये रेस कंडिशन म्हणून शिकवतात ते हेच. करून बघायचं असेल तर वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये मुद्दाम पाच सेकंदांची झोप घाला आणि दोन वेगळ्या ब्राउझरमधून, दोन वेगळ्या विद्यार्थ्यांच्या नावाने लॉगिन करून बटण दाबा. वेगळे ब्राउझर अशासाठी की एकाच सेशनच्या दोन रिक्वेस्ट पीएचपी एकामागून एक चालवतं, तिथे ही चूक दिसणारच नाही. उपाय असा: तपासणी आणि बदल एकाच अपडेट क्वेरीत करा, 'शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एकने कमी कर', आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य बदलल्या असतील तर उपकरण संपलं. नोंदीची ओळ आणि हा बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा. डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेस विषयाच्या, तासाला पाठ केलेला 'अ‍ॅटॉमिक' हा शब्द (एकतर सगळं होतं, नाहीतर काहीच नाही) इथे कामाला येतो.

सुरक्षेचंही तसंच. 'सुरक्षा' असा वेगळा धडा शेवटी वाचण्यापेक्षा ओ'ब्रायन नावाचा विद्यार्थी नोंदवून बघा. क्वेरी तुम्ही तुकडे जोडून बनवली असेल तर नावातलं ते अवतरण चिन्ह एसक्यूएलची स्ट्रिंग मध्येच तोडेल आणि एरर येईल. एका सरळ माणसाच्या नावाने क्वेरी मोडते, तर वाईट हेतूने लिहिलेला मजकूर तिचं काय करेल ते उघड आहे. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरीचा सांगाडा आणि मूल्यं वेगवेगळी जातात, त्यामुळे मूल्य कधीच आज्ञा बनत नाही. मग नावाच्या जागी स्क्रिप्ट टॅग घालून बघा. यादीचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो चालला तर छापताना एस्केप करायचं, म्हणजे टॅगची चिन्हं साध्या मजकुरासारखी दाखवायचं, राहिलं आहे. फॉर्ममधली 'हे भरलंच पाहिजे' ही अट डेव्हलपर टूल्समधून काढून टाका आणि फॉर्म पाठवा. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीची असते, खरी तपासणी सर्व्हरवरच करावी लागते. पासवर्डसाठी पीएचपीचं तयार 'पासवर्ड हॅश' फंक्शन वापरा. बीक्रिप्टसारखे अल्गोरिदम मुद्दाम संथ असतात, म्हणजे चोरलेल्या यादीवर अंदाज चालवणं महाग पडतं. एमडी५ हा जुना, वेगवान हॅश कुठल्याही पुस्तिकेत दिसला तरी पासवर्डसाठी नको.

आणि एक, मराठीत काम करणाऱ्यांनी आवर्जून करावं असं. 'मराठी' हा शब्द टाकून पीएचपीच्या 'एसटीआरलेन'ला त्याची लांबी विचारा. उत्तर १५ येईल. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि हे फंक्शन बाइट मोजतं. 'एमबी' ने सुरू होणारं फंक्शन ५ सांगेल: म, र, काना, ठ, वेलांटी. आपल्या डोळ्यांना मात्र अक्षरं तीनच दिसतात. नावाची लांबी कशात मोजायची हा प्रश्न मग फुटकळ वाटत नाही. मायएसक्यूएलमध्ये टेबलला 'यूटीएफ८एमबी४' द्या. नुसतं 'यूटीएफ८' म्हणून जे बराच काळ चालत आलं, त्यात तीनच बाइट बसतात, म्हणजे मराठी बसते पण इमोजी बसत नाहीत.

इथवर आलात की रिअ‍ॅक्टची वेळ झाली. तोवर साध्या जावास्क्रिप्टमध्ये एक गोष्ट तुम्हाला टोचायला लागलेली असेल. मागणी नोंदवली की यादीतला आकडा बदलायचा, वरची 'माझ्याकडे असलेली उपकरणं' ही संख्या बदलायची, बटण निष्क्रिय करायचं. तीन जागा, तिन्ही हाताने, आणि त्यातली एक विसरली की पान खोटं बोलतं. माहिती एका जागी ठेवा आणि पान तिच्यावरून काढून घ्या, ही रिअ‍ॅक्टची मूळ कल्पना तेव्हा गरजेची वाटते. ज्याने ही अडचण सोसली नाही त्याला स्टेट (घटकाची स्वतःची माहिती) आणि प्रॉप्स (त्याला वरून दिलेली माहिती) हे पाठ करायचे शब्द वाटतात. म्हणून एकच पान, उपकरणांच्या यादीचं, रिअ‍ॅक्टमध्ये पुन्हा लिहा. सर्व्हरने एचटीएमएलऐवजी जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातली नुसती माहिती, द्यायचं. रिअ‍ॅक्टचा डेव्हलपमेंट सर्व्हर वेगळ्या पोर्टवर चालत असल्याने पहिल्याच रिक्वेस्टला बहुधा कॉर्सची एरर येईल. ती घालवणारी ओळ शोधून चिकटवू नका. पोर्ट बदललं की ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता) बदलतो, आणि एका ओरिजिनच्या स्क्रिप्टला दुसऱ्याचं उत्तर वाचू द्यायचं की नाही हे ब्राउझर सर्व्हरच्या हेडरवरून ठरवतो. नेटवर्क टॅब बघायची सवय झालेली असेल तर हे अर्ध्या तासात समजतं.

तर क्रम असा: रिक्वेस्टचा प्रवास, कागदावरचे पत्ते, आरपार चालणारी एक वाट, मग ॲपला मुद्दाम मोडून बघणं, आणि शेवटी रिअ‍ॅक्टचं एक पान. दहा आठवडे असतील तर मी आठ पहिल्या चार गोष्टींना देईन.

तिघांच्या गटाबद्दल. 'एक फ्रंटएंड, एक बॅकएंड, एक रिपोर्ट' ही वाटणी करू नका. रिपोर्ट लिहिणारा कोर्समधून काहीच शिकत नाही आणि बाकीचे दोघे अर्धंच शिकतात. कामं उभी वाटा: एकाने मागणी नोंदवणं फॉर्मपासून टेबलपर्यंत करायचं, दुसऱ्याने परतीची नोंद, तिसऱ्याने लॉगिन. मग आठवड्यातून एकदा एकमेकांचा कोड उघडून प्रश्न विचारायचे.

व्हिडिओ सोडायची गरज नाही, पण वापर बदला. दहा मिनिटं बघा, बंद करा, तेच न बघता लिहा. अडलात तर कुठे अडलात ते वहीत टिपा आणि मगच पुन्हा उघडा. एआय साधनांचंही तसंच. 'ही एरर का आली', 'या दोन पद्धतींत फरक काय' असं विचारा, पूर्ण फाइल मागू नका. समजावून सांगता येणार नाही अशी एकही ओळ प्रोजेक्टमध्ये ठेवायची नाही, हा नियम गटात आधीच ठरवा. मुलाखतीत मी उमेदवाराच्या प्रोजेक्टमधली कुठलीही एक ओळ दाखवते आणि विचारते, ही काढली तर काय होईल? छोटं पण स्वतःचं काम केलेला उमेदवार इथे खुलतो.

एरर आली की अंदाजाने कोड बदलत बसू नका, प्रवासाच्या क्रमाने शोधा. रिक्वेस्ट निघाली का? नेटवर्क टॅब. सर्व्हरवर पोचली का? सर्व्हरचा लॉग. क्वेरी काय गेली? तीच क्वेरी डेटाबेसच्या खिडकीत हाताने चालवा. उत्तर काय आलं? पुन्हा नेटवर्क टॅब. या चारपैकी एका जागी गाठ सापडतेच.

शेवटचं, रिअ‍ॅक्टचं पान प्रोजेक्टमध्ये घालण्याआधी शिक्षकांना विचारून घ्या. काही ठिकाणी ठरवून दिलेल्या तंत्रज्ञानाबाहेरचा कोड तपासला जात नाही. तसं असेल तर सबमिशन पीएचपीचंच करा, रिअ‍ॅक्टचं पान गिटच्या वेगळ्या ब्रँचमध्ये ठेवा आणि तोंडी परीक्षेत विषय निघाला तर दाखवा.